सहा ऑगस्टला चीज आणायला

गाईंना कॅलेंडर कळत नाही, म्हणून सहा ऑगस्टलाही
पहाटे चारला मी ट्रक काढतो.
सांताक्रूझमध्ये तेव्हा बँडवाले झोपलेले,
चौकात खुर्च्या एकावर एक, दोरीने बांधून.
माझा विल्मर यंदा शाळेच्या संचलनात ढोल वाजवणार होता.
"बघायला येशील ना?" रात्री त्याने विचारलं,
आणि मी म्हटलं, चीज वेळेत भरून झालं, तर.

डांबर संपतं तिथून त्यांची वसाहत.
पुढे सगळा फुफाटा.
ट्रॅक्टरला लोखंडी चाकं; रबर चालत नाही,
रबरी चाकांवर पोरं शहरात पळतात म्हणे.
ओळीने घरं, ओळीने पवनचक्क्या
आणि एकाही दारावर झेंडा नाही.
आमच्या गल्लीत न लावणाऱ्याला दंड होतो.
इथे दंडाचे पैसे मोजून तयार असतात
बरणीत, बिस्किटांच्या डब्याशेजारी.

मी त्या दिवशी चिडूनच गेलो होतो.
म्हटलं, डेर्क गीसब्रेख्त, सोयाबीन आमच्या मातीत,
पाणी आमच्या जमिनीखालचं,
खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून तरी
एक दिवस हातभर कापड बांधायला काय होतं?

त्याने हातातला ठोकळा आधी ट्रकमध्ये नीट रचला.
मग बोटं धरली. त्याचं स्पॅनिश असं,
दगडादगडावर पाय ठेवत ओढा ओलांडावा तसं.
"पणजोबा रशियात. झेंडा आला, मागून बंदूक.
आजोबा कॅनडात. झेंडा शाळेत आला, भाषा गेली.
बाप मेक्सिकोत. तिथे..."
तिथे काय, ते त्याला सापडेना.
बोट तसंच धरून उभा राहिला.
"राजासाठी प्रार्थना करतो आम्ही. रोज.
लिहिलंय तसं. तुमच्याही.
पण गुडघ्यांची जोडी एकच आहे."

माझ्याकडे उत्तर होतं.
माझा थोरला भाऊ सरहद्दीवरच्या बराकीत
अठराव्या वर्षी गेला; सरावात, चुकून.
पेटीवरचा झेंडा आईने तीन दिवस हातातून सोडला नव्हता.
ते मी बोललो नाही.
डेर्कचं पोर शेजारीच उभं होतं, बादली घेऊन,
आणि त्याने विचारलं असतं: कोणाशी लढताना?

ट्रकच्या आरशाला मी एक लहान झेंडा बांधला होता,
लाल, पिवळा, हिरवा.
परतताना कुठेतरी गाठ सुटली.
शहरात पोचलो तेव्हा चौकात नुसते कागद उडत होते,
विल्मर ढोलावर डोकं ठेवून
पायरीवर झोपलेला.

पुढच्या मंगळवारी आगानेता स्वतः दारापर्यंत आली;
एरवी ती पडद्याआडून ठोकळे मोजते.
हातात तो झेंडा. धुतलेला, इस्त्री केलेला,
चार घड्या घातलेला.
"गोठ्याच्या गटारीत पडला होता," डेर्क म्हणाला.
"दुसऱ्याची वस्तू."
एवढंच.
शेजारणीची उसनी अंडी परत करताना धरावीत
तसा तिने तो धरला होता.

कढत पाणी, घरचा साबण:
लाल रंग पिवळ्यात उतरला होता.
उसवलेल्या काठाला बारीक टाके घातलेले,
त्यांच्या टोप्यांना असतो त्याच पांढऱ्या दोऱ्याने.
मी आभार मानले.
खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

विल्मर म्हणतो, याचा रंग चुकलाय, नवा घे.
घेईन. बाजारात ढिगाने मिळतात.
अजून घेतलेला नाही.
ट्रक वेगात असला की तो आरशावर फडफडतो,
मागचा रस्ता मधूनमधून झाकतो,
आणि त्यांच्या फाटकाशी आलो की
मी खाली उतरून
गाठ तपासतो.